स्वतःचीच वाट बघणारा थ्रेड

४ मार्च २०२५ ला आमच्या सर्व्हिसची एक वर्कर प्रोसेस पहिल्यांदा हँग झाली (एरर न देता नुसती थिजली) आणि २६ ऑगस्टला त्या हँगचा खरा फिक्स प्रॉडक्शनला गेला. मधले १७५ दिवस मी काय काय केलं, कुठे उगाच वेळ घालवला, कुठे नुसते फॉर्म भरत बसले, सगळं इथे लिहून ठेवतेय. कारण मी जेव्हा "पायथन थ्रेड हँग सीपीयू शून्य" असलं काहीबाही टाकून शोधत होते तेव्हा जे सापडायचं ते एक तर दोन ओळींचं, लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारी कडी) नीट वापरा छापाचं, नाहीतर थेट इंटरप्रिटरच्या, म्हणजे पायथन चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, सी कोडमध्ये नेऊन सोडणारं, मधलं काहीच नाही. मी काही इंटरप्रिटरवाली नाही हे आधीच सांगते. बॅकएंडवर काम करते, सी शेवटचं कॉलेजात लिहिलं होतं.

सेटअप साधा होता. सीपायथन ३.११ (पायथनचा नेहमीचा, सी मध्ये लिहिलेला इंटरप्रिटर), एका प्रोसेसमध्ये २४ वर्कर थ्रेड (शेजारी शेजारी चालणारे कामाचे धागे), प्रत्येक थ्रेड क्यूतून जॉब उचलतो, पूलमधून डेटाबेसचं कनेक्शन घेतो, काम करतो, कनेक्शन परत देतो. पूल म्हणजे उघडी कनेक्शन साठवून वाटणारी एक ओपन सोर्स लायब्ररी, तिचं नाव लिहीत नाही कारण चूक जितकी त्यांची तितकीच आमची होती हे पुढे येईलच.

लक्षणं अशी. तीन दिवसांनी, कधी पाच, कधी नऊ दिवसांनी एखादी प्रोसेस जॉब उचलायची बंद व्हायची. सीपीयू शून्याजवळ. लॉगमध्ये एरर नाही, काही नाही, शेवटची ओळ एकदम नॉर्मल. आणि वैताग म्हणजे हेल्थ चेक हिरवं, कारण हेल्थ चेकचा थ्रेड वेगळा आणि तो पूलला हातच लावत नाही, त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला प्रोसेस ठणठणीत. त्यात भर म्हणजे अडकलेल्या प्रोसेसची मेमरी हळूहळू चढत राहायची. या चढणाऱ्या मेमरीनं मला आठ-दहा दिवस चुकीच्या गल्लीत फिरवलं.

पहिले तीन आठवडे तर आम्ही काही शोधलंच नाही. क्यू साचली की अलर्ट, अलर्ट आला की रीस्टार्ट. खरं सांगायचं तर बरं वाटायचं, रीस्टार्ट केलं की चालतंय ना, मग नेटवर्कचं असेल काहीतरी. इथेच पहिली टीप देऊन टाकते: रीस्टार्ट करायच्या आधी डंप घ्या, म्हणजे त्या क्षणी प्रत्येक थ्रेड कुठे उभा आहे त्याची छापील नोंद. हँग झालेली प्रोसेस हाच पुरावा असतो आणि आम्ही तो पाच वेळा स्वतःच्या हातानं पुसून टाकला.

२७ मार्चला मी मेमरीच्या मागे लागले. ट्रेसमॅलॉक लावलं (कोडच्या कुठल्या ओळीनं किती मेमरी घेतली ते दाखवणारं मॉड्यूल, ते ३.४ पासून पायथनसोबतच येतं, वेगळं काही टाकावं लागत नाही, पण प्रोसेस हळू होते आणि मेमरीही जास्त खाते, म्हणून एकाच वर्करवर लावलं). आठ दिवस स्नॅपशॉट काढले, एकमेकांशी ताडून बघितले. लीक, म्हणजे घेतलेली मेमरी परत न सुटणं, म्हणावं असं काही नाही. चालू प्रोसेसची मेमरी वर जाते, जीसी (नको असलेले ऑब्जेक्ट साफ करणारा गार्बेज कलेक्टर) झाला की खाली येते, सगळं शहाण्यासारखं. फक्त हँग झालेलीचीच चढत राहते. म्हणजे लीकमुळे हँग नव्हता, उलट होतं, हँगमुळे मेमरी चढत होती. पण तेव्हा हे कळलं नाही. तेव्हा मी "अनिर्णित" असं लिहून तिकीट बाजूला ठेवलं आणि दोन दिवस त्याच्याकडे बघितलंच नाही.

मग आमच्या लीडनं विचारलं, "अगं, थ्रेड नेमके कुठे उभे आहेत ते बघितलंस का?" नव्हतं बघितलं. त्यासाठी पाय-स्पाय हे टूल सगळ्यात सोयीचं, चालू प्रोसेसला बाहेरून चिकटतं आणि प्रत्येक थ्रेड कुठल्या ओळीवर आहे ते छापतं. पण ते दुसऱ्या प्रोसेसची मेमरी वाचतं, त्यामुळे कंटेनरला पीट्रेसची, म्हणजे दुसऱ्या प्रोसेसच्या आत डोकावायची, परवानगी लागते, आणि ती सिक्युरिटी टीम देते, आणि त्यांचा फॉर्म असतो. ९ एप्रिलला फॉर्म भरला. "ही परवानगी का हवी", "किती काळासाठी", "पर्यायी उपाय कोणते तपासले". २२ एप्रिलला परवानगी आली. म्हणजे १३ दिवस. तक्रार नाही, त्यांचंही बरोबर आहे, पण तुम्ही अशा ठिकाणी असाल तर फॉर्म पहिल्याच दिवशी भरून टाका, लागलं नाही तर नाही.

पण "पर्यायी उपाय" या रकान्यानंच वाचवलं. तिथे काहीतरी लिहायचं म्हणून शोधताना फॉल्टहँडलर सापडलं. हे मॉड्यूल पायथन ३.३ पासून आत आहे, त्यात एका सिग्नलला, आम्ही सिगयूजर वन घेतला, रजिस्टर करता येतं, आणि मग बाहेरून किल कमांडनं तो सिग्नल पाठवला की प्रोसेस मरत नाही, सगळ्या थ्रेडचे ट्रेसबॅक (कुणी कुणाला बोलावत इथवर आलं त्याची यादी, तिच्यातली एकेक नोंद म्हणजे फ्रेम) एररच्या स्ट्रीमवर छापते. एक ओळीचं काम. आता कुणी म्हणेल की सिग्नल मॉड्यूलचा साधा हँडलर लिहिला असता. तो चालत नाही, कारण पायथनमध्ये लिहिलेला सिग्नल हँडलर फक्त मेन थ्रेडमध्ये आणि तोही बाइटकोडच्या, म्हणजे इंटरप्रिटर एकेक करून चालवतो त्या छोट्या सूचनांच्या, मधल्या फटीत चालतो, मेन थ्रेड कुठे सी कोडमध्ये अडकून बसला तर हँडलरची पाळीच येत नाही. फॉल्टहँडलर सी लेव्हललाच छापतं, त्याला कुणाची वाट बघावी लागत नाही. ११ एप्रिलला डिप्लॉय केलं आणि आयुष्यात पहिल्यांदा प्रॉडक्शन हँग व्हायची आतुरतेनं वाट बघितली.

१६ एप्रिल, रात्री २:४०. अलर्ट आला, उठले, सिग्नल पाठवला, डंप कॉपी केला, मग रीस्टार्ट. झोप कसली येतेय. तो डंप मी पहाटेपर्यंत वाचत होते आणि अजून डोळ्यासमोर आहे. २४ वर्करपैकी २३ जण एकाच ओळीवर: पूलच्या "कनेक्शन दे" फंक्शनची पहिली ओळ, जिथे लॉक घेतात. ठीक आहे, लॉक कुणाकडे तरी अडकलंय. चोविसावा बघितला. फॉल्टहँडलर सगळ्यात ताजी फ्रेम वर छापतं, तर सगळ्यात वर: "कनेक्शन परत घे" फंक्शनमध्ये लॉक घ्यायची ओळ. त्याच्या खाली: कनेक्शनच्या रॅपरची (त्याच्याभोवती गुंडाळलेल्या ऑब्जेक्टची) डेल मेथड, म्हणजे ती आधी दोन आणि नंतर दोन अंडरस्कोरवाली, ऑब्जेक्ट जाताना पायथन स्वतः बोलावतं ती. त्याच्या खाली: पुन्हा "कनेक्शन दे" फंक्शन, पण या वेळी लॉक घेऊन झाल्यानंतरची, आतली ओळ.

म्हणजे या थ्रेडनं लॉक घेतलेलं आहे, आणि तोच थ्रेड तेच लॉक परत मागतोय. साधं लॉक आहे, त्याला मालक कोण ते माहीत नसतं, मागणारा तोच असला तरी ते थांबवूनच ठेवतं. स्वतःचीच वाट बघत बसलेला थ्रेड, कायमचा.

पण मला कळेना की डेल मेथड बोलावली कुणी. ट्रेसबॅकप्रमाणे "कनेक्शन दे"च्या त्या आतल्या ओळीनं. ती ओळ मी पन्नासदा वाचली. ती फक्त मोकळ्या कनेक्शनची एक लिस्ट बनवत होती. काही डिलीट नाही, काही क्लोज नाही, नुसती लिस्ट. मला वाटलं लाइन नंबर चुकतोय, आमचं इमेज आणि सोर्स वेगळं व्हर्जन असेल. तपासलं. तेच व्हर्जन.

या "कुणी बोलावलं" प्रश्नाचं उत्तर म्हणजे जीसी, आणि ट्रेसबॅकमध्ये जीसीची फ्रेम दिसतच नाही कारण ती पायथनची फ्रेम नाहीच. २२ ला परवानगी आल्यावर पाय-स्पाय नेटिव्ह मोडमध्ये (सी च्याही फ्रेम दाखवणाऱ्या) चालवलं तेव्हा त्या दोन फ्रेमच्या मधोमध सी ची फंक्शन्स दिसली, जीसी कलेक्ट मेन वगैरे, आणि तेव्हा कुठे मला आधीचे सहा दिवस कागदावर जे लिहून बघितलं होतं ते बरोबर आहे याची खात्री पटली.

थोडं जीसीबद्दल, मला समजलं तसं. सीपायथनमध्ये मुख्य काम रेफरन्स काउंटिंग करतं. ऑब्जेक्टकडे बोट दाखवणारे किती ते मोजायचं, शून्य झालं की लगेच, तिथल्या तिथे, त्याच थ्रेडमध्ये सोडून द्यायचं. पण दोन ऑब्जेक्ट एकमेकांकडे बोट दाखवत बसले तर काउंट शून्य होतच नाही, मग बाहेरून त्यांना कुणी ओळखत नसलं तरी ते मेमरीत पडून राहतात. असे गोल शोधायला दुसरा कलेक्टर आहे, तो पायथन २.० पासून, म्हणजे २००० पासून आहे, आणि जीसी मॉड्यूल म्हणतात ते त्याचं. हा दुसरा कधी चालतो? ३.११ मध्ये नवीन कंटेनर ऑब्जेक्ट, लिस्ट, डिक्शनरी, क्लासची इन्स्टन्स असलं काही, बनवताना. बनवलेले वजा सोडलेले असा हिशोब ७०० च्या पुढे गेला की जो थ्रेड त्या क्षणी ऑब्जेक्ट बनवत असेल त्याच्याच अंगावर कलेक्शनचं काम येतं. वेगळा असा जीसीचा थ्रेड नाहीये. त्या चोविसाव्या थ्रेडचं नशीब फुटकं, लॉक हातात असताना लिस्ट बनवायला गेला आणि नेमकी त्याचीच पाळी आली. कचरा कुणा भलत्याच थ्रेडच्या जॉबचा होता, तो साफ करताना त्या कचऱ्यातल्या कनेक्शन रॅपरची डेल मेथड चालली, आणि तिनं इमानदारीत पूलचं लॉक मागितलं.

मला तोपर्यंत वाटायचं की जीआयएल (एका वेळी एकाच थ्रेडला पायथन कोड चालवू देणारं इंटरप्रिटरचं स्वतःचं लॉक) आहे ना, मग एवढं काय. जीआयएल इंटरप्रिटरची स्वतःची घडी सांभाळतो, तुमच्या लॉकचं आणि तुमच्या हिशोबाचं त्याला काही देणंघेणं नाही. उलट लॉकसाठी थांबलेला थ्रेड जीआयएल सोडून देतो, म्हणून तर बाकीचे थ्रेड, आमचं ते हिरवं हेल्थ चेक, मजेत चालू होते. आणि मेमरीचं कोडंही इथेच सुटलं: कलेक्शन अर्धवट अडकलंय, पण इंटरप्रिटरच्या नोंदीत ते "चालू आहे", आणि एक चालू असताना दुसरं सुरू होत नाही. म्हणजे त्या प्रोसेसमध्ये जीसी कायमचा बंद पडलेला, तरी विचारलं तर "मी चालू आहे" असंच सांगणार. गोल साचत राहणार. ट्रेसमॅलॉकवर आठ दिवस घालवण्याऐवजी हे माहीत असतं तर.

पुढचा प्रश्न, तो गोल आला कुठून? इथे आमची चूक. आमच्या जॉबच्या क्लासमध्ये एक्सेप्शन आलं की ते "शेवटची एरर" म्हणून सेल्फवर, म्हणजे त्या जॉबच्या ऑब्जेक्टवरच, ठेवायचो, रिपोर्टिंगसाठी. पायथन ३ मध्ये एक्सेप्शनच्या पोटात ट्रेसबॅक असतो, ट्रेसबॅकच्या पोटात फ्रेम, फ्रेममध्ये लोकल व्हेरिएबल, आणि त्यातलं एक सेल्फ. म्हणजे जॉब धरतो एररला आणि एरर फिरून धरते जॉबला, आणि जॉबच्या खिशात ते कनेक्शन. एक्सेप्ट ब्लॉक संपला की "अ‍ॅज" नंतरचं नाव पायथन स्वतः पुसून टाकतं ते याच कारणासाठी, आणि आम्ही ते मुद्दाम वाचवून सेल्फवर ठेवत होतो! एरर न आलेल्या जॉबमध्ये गोल नाही, कनेक्शन वेळेवर परत जायचं. टाइमआउट झालेल्या जॉबमध्येच गोल, त्यातही कनेक्शन परत न देता राहिलं तरच, आणि त्यातही जुन्या जनरेशनमध्ये (आधीच्या तपासण्यांत टिकलेल्या ऑब्जेक्टच्या गटात) सरकलेला कचरा. जुनी जनरेशन क्वचितच तपासली जाते, ३.११ मध्ये तर शेवटच्या पूर्ण कलेक्शननंतर जमलेले ऑब्जेक्ट आधीच्या टिकलेल्यांच्या २५ टक्क्यांच्या पुढे गेल्याशिवाय पूर्ण कलेक्शन होतच नाही. वर तो क्षण लॉकच्या आतच यायला हवा. म्हणून तीन दिवस, म्हणून नऊ दिवस.

२५ एप्रिलला घरच्या मशीनवर तो हँग करून दाखवता आला. युक्ती फारच स्वस्त आहे: जीसीचा थ्रेशोल्ड, म्हणजे तो ७०० चा आकडा, १ करायचा. मग कलेक्टर जवळजवळ प्रत्येक ऑब्जेक्टला धावतो, प्रोग्रॅम गोगलगाय होतो, पण नऊ दिवसांचा हँग चार सेकंदात येतो. मी चक्क टाळ्या वाजवल्या, घरात एकटीच होते.

आमच्या बाजूचा फिक्स दहा मिनिटांचा: एक्सेप्शन न ठेवता त्याचा मजकूर ठेवायचा. २८ एप्रिलला गेला. हँग बंद. मॅनेजर म्हणाले, "झालं ना मग? तिकीट बंद कर." मी म्हटलं, आमचा गोल गेलाय सर, पण लायब्ररीतला सापळा तिथेच आहे, उद्या कुणीतरी दुसरीकडे एक्सेप्शन ठेवेल की पुन्हा हेच. त्यांनी "ऑफिसच्या वेळेत आठवड्याला दोन तास" एवढी परवानगी दिली. टीममधल्या एकानं सुचवलं की जीसीच बंद करून टाकू, इन्स्टाग्रामनं २०१७ मध्ये केलंच होतं की. केलं होतं, पण त्यांचं कारण वेगळं, फोर्क केलेल्या (एकीची नक्कल करून काढलेल्या) प्रोसेसमधली सामायिक मेमरी जीसीच्या हात लावण्यानं तुटत होती, आणि पुढे त्यांच्याचकडून ३.७ मध्ये जीसी फ्रीझ हे फंक्शन आलं. आम्ही एका वर्करवर बंद करून बघितलं, आमच्याकडे दुसरेही बरेच गोल निघाले, दोन दिवसांत मेमरी लिमिटला टेकली. दुसरा म्हणाला ३.१२ वर जाऊ, तिथे जीसी बदललाय. हेही खरं, ३.१२ पासून कलेक्शन ऑब्जेक्ट बनवताना मध्येच न होता बाइटकोडच्या ठराविक फटींमध्येच होतं. पण लॉकच्या आतल्या कोडमध्ये एखादा लूप किंवा फंक्शन कॉल असला की फट आलीच. ३.१२ वर चालवून बघितलं, तिथेही हँग.

आता लायब्ररीत पॅच द्यायचा तर आधी कंपनीची परवानगी. बाहेरच्या प्रोजेक्टला कोड देण्याचा फॉर्म, सात पानी, त्यात "या कोडची अंदाजे व्यावसायिक किंमत" असा रकाना. मी शून्य लिहिलं तर परत आला, शून्य चालत नाही म्हणे, "लागू नाही" लिहा. २९ एप्रिलला भरला, १६ मेला मंजूर, १७ दिवस. शिवाय प्रोजेक्टचा स्वतःचा कॉन्ट्रिब्यूटर करार, तो मात्र ऑनलाइन, पाच मिनिटांत सही. फक्त एक लक्षात ठेवा, करारात दिलेला ईमेल आणि कमिटमधला ईमेल एकच हवा. माझा वेगळा होता, बॉट तीनदा लाल फुली मारून गेला.

१८ मेला पॅच टाकला. एक शब्दाचा बदल: लॉकच्या जागी आरलॉक, म्हणजे तोच थ्रेड पुन्हा मागेल तर देऊन टाकणारं लॉक. हँग गेला, टेस्ट हिरव्या, मी खूश. ११ दिवस कुणी बघितलंच नाही. रोज सकाळी आधी तेच पान उघडायचे. २९ मेला मेंटेनरचं, म्हणजे लायब्ररी सांभाळणाऱ्यांचं, उत्तर आलं आणि पॅच नाकारला. वाचून आधी राग आला, मग दहा मिनिटांनी लाज वाटली, कारण त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं.

त्यांनी असं दाखवलं. समजा लॉकच्या आत एक थ्रेड पूलचा हिशोब वाढवतोय. बाहेर दिलेली कनेक्शन ५ आहेत असं वाचलं, आता ६ लिहायचंय. या दोन पायऱ्यांच्या मध्ये जीसी आला, डेल मेथड चालली, आरलॉकनं तिला आत सोडलं, तिनं एक कनेक्शन परत घेऊन आकडा ४ केला आणि गेली. बाहेरचा थ्रेड पुढे चालू लागला आणि त्यानं लिहिलं ६. एक कनेक्शन हिशोबातून कायमचं गायब. म्हणजे मी हँगच्या जागी हळूहळू रिकामा होणारा पूल दिला असता, जो शोधायला आणखी कठीण. लॉक दुसऱ्या थ्रेडपासून वाचवतं, इथे शिरणारा तर तोच थ्रेड आहे. डेल मेथड म्हणजे कुठल्याही दोन पायऱ्यांच्या मध्ये घुसू शकणारा इंटरप्ट, असं समजूनच ती लिहायला हवी.

त्यांनी हेही सांगितलं की हा वाद जुना आहे, गार्बेज कलेक्टरवर काम करणारे हान्स बोह्म यांनी २००३ मध्येच मांडलं होतं की फायनलायझर (डेलसारख्या, ऑब्जेक्ट जाताना चालणाऱ्या मेथड) प्रोग्रॅमच्या थ्रेडमध्ये मध्येच चालवू नयेत, वेगळ्या थ्रेडमध्ये चालवावेत, नाहीतर लॉक वापरणं अशक्य होतं. जावामध्ये ते वेगळ्या थ्रेडमध्येच चालतात (तरी शेवटी जावानं ९ व्या आवृत्तीत फायनलाइझ मेथड नापसंत यादीत टाकलीच, वेगळ्या त्रासांमुळे). सीपायथनमध्ये रेफरन्स काउंट शून्य झाला की लगेच सोडायचं हेच मूळ वागणं, त्यामुळे तिथे डेल मेथड जिथे असाल तिथे चालते.

मग उपाय काय? डेल मेथडनं काहीच करायचं नाही. फक्त "हे कनेक्शन परत घ्या" अशी चिठ्ठी टाकून निघून जायचं, आणि खरं काम पुढच्या वेळी कुणी पूलकडे कनेक्शन मागायला आलं की त्यानं, लॉक घेण्याआधी, चिठ्ठ्या काढून करायचं. ३ जूनला हा दुसरा पॅच दिला, चिठ्ठ्यांसाठी डेक (दोन्ही टोकांनी टाकता-काढता येणारी पायथनची यादी) वापरला. वीकरेफची (काउंट न वाढवता ऑब्जेक्टवर नजर ठेवणाऱ्या मॉड्यूलची) फायनलाइझ सोय वापरून बघू का असंही मनात आलं होतं, पण तिचा कॉलबॅकही त्याच क्षणी त्याच थ्रेडमध्ये चालतो, पाटी बदलली तरी दुकान तेच.

दुसऱ्या पॅचसोबत मी एक लाजिरवाणी गोष्ट केली. टेस्ट लिहिली, ती जुन्या कोडवर फेल व्हायला हवी हे दाखवायला मुद्दाम जुन्या कोडवर सीआय (प्रोजेक्टच्या टेस्ट आपोआप चालवणारी यंत्रणा) चालवलं. जुन्या कोडवर ती "फेल" कशी होणार, ती हँग होणार! सीआयचा जॉब सहा तास तसाच लटकला, लिमिट संपल्यावर मेला, तोवर बाकीच्यांचे जॉब रांगेत. माफी मागितली. हँगची टेस्ट नेहमी वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवा आणि बाहेरून टाइमआउट लावा, माझी आता १० सेकंदांवर आहे. दुसरं म्हणजे टेस्टमध्ये थ्रेशोल्ड १ वर विसंबू नका, त्यानं हँग मशीननुसार कधी येतो, कधी नाही. मी खोटं कनेक्शन बनवलं, पूल लॉकच्या आत त्याला "जिवंत आहेस का" विचारतो, त्या उत्तराच्या मेथडमध्येच जीसी कलेक्ट हातानं बोलावलं. शंभरपैकी शंभर वेळा हँग.

तिसरी फेरी १४ जूनची. मेंटेनरचा प्रश्न एकच: डेकमध्ये टाकताना मध्येच पुन्हा डेल आली तर चालतं, हे कुठे लिहून दिलंय? मी म्हटलं सगळे वापरतात. "सगळे वापरतात हे डॉक्युमेंटेशन नाही" असं उत्तर आलं, आणि हसू आलं कारण आमच्या घरी हेच वाक्य वेगळ्या विषयांवर ऐकलंय. शोधलं तर क्यू मॉड्यूलमधलं सिंपलक्यू, ३.७ मध्ये आलेलं, बरोबर याचसाठी आहे. त्याच्या पुटबद्दल डॉक्समध्ये स्पष्ट लिहिलंय की सीपायथनमध्ये ते मध्येच पुन्हा बोलावलं तरी चालतं, म्हणून डेल मेथड आणि वीकरेफ कॉलबॅकमध्ये वापरायला योग्य. नेहमीचं क्यू मात्र आत लॉक वापरतं आणि अगदी आमच्यासारखंच अडकू शकतं, पायथनच्या बग ट्रॅकरवर १४९७६ नंबरचा इश्यू त्यावरच होता. म्हणजे हाच खड्डा स्टँडर्ड लायब्ररीतही होता हे वाचून, काय सांगू, एकदम हलकं वाटलं.

सिंपलक्यू टाकलं. मग मेंटेनरनं जीआयएल नसलेल्या बिल्डवर, ३.१३ च्या, टेस्ट चालवायला सांगितली. तिथे कलेक्टर आधी सगळ्या थ्रेडना थांबवतो, कचरा ठरवतो, आणि थ्रेड पुन्हा सोडल्यावर डेल मेथडी चालवतो, म्हणजे डेल चालू असताना बाकीचे खरोखर समांतर पळत असतात. जुना कोड तिथेही हँग, नवा पास. मग चेंजलॉगची ओळ, तिच्यातल्या पूर्णविरामावरून एक फेरी, मग कमिट एकत्र करा म्हणून एक. २ जुलैला मर्ज, म्हणजे पॅच मूळ कोडमध्ये सामील. एकूण ३१ ओळी कोड, ५८ ओळी टेस्ट. रिलीज १९ ऑगस्टला, आमच्याकडे २६ ला.

मधल्या काळात आमच्याच कोडबेसमध्ये डेल मेथड किती आहेत ते शोधलं. १४ निघाल्या. त्यातल्या तीन लॉक घेतात. दोन मी बदलल्या. तिसरी ज्या फाइलमध्ये आहे ती लिहिणारा माणूस केव्हाच सोडून गेलाय आणि तिच्यावर लिहून ठेवलंय, "हात लावू नका, कसं चालतं माहीत नाही." तिकीट उघडलंय, माझ्याच नावावर, आणि या वेळी पीट्रेसचा फॉर्म आधीच भरून ठेवलाय.